वैद्याचा हात आणि परीक्षेचा कागद

वैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या तरुणास रुग्ण तपासण्याचा परवाना कोणत्या कसोटीवर द्यावा, हा प्रश्न गेली काही वर्षे दिल्लीच्या दप्तरात घोळत पडला आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याने सर्व देशासाठी एकच अंतिम परीक्षा घेण्याचे ठरविले. तिलाच 'नेक्स्ट' असे म्हणतात. जून २०२३ मध्ये तिचे नियम प्रसिद्ध झाले, जुलैच्या अखेरीस सराव परीक्षा होणार असे जाहीर झाले आणि ती होण्यापूर्वीच, त्याच जुलैत, सारे पुढे ढकलण्यात आले. हा विलंब वाईटच झाला असे आम्ही म्हणणार नाही. घाईने चुकीची कसोटी लावण्यापेक्षा थांबून योग्य कसोटी लावणे केव्हाही बरे. परंतु थांबण्याच्या ह्या काळात चर्चा झाली ती परीक्षेच्या तारखेची, गुणांची आणि प्रवेशांची. परीक्षेत तपासावयाचे काय, हा मूळ प्रश्न बाजूसच राहिला. तो केवळ विद्यार्थ्यांचा आणि प्राध्यापकांचा प्रश्न नव्हे. धारूर किंवा वडवणी तालुक्यातील एखाद्या आरोग्य केंद्राच्या बाकावर पोट धरून बसलेल्या माणसाचाही तो आहे. आणि त्यास मात्र कोणी विचारलेले नाही.

आम्ही वैद्यकातले जाणकार नाही. परंतु काही वर्षे वर्गात खडू हाती धरून शिकविण्यात गेली आहेत, आणि त्या अनुभवाने एक गोष्ट पक्की शिकविली आहे. शाळेत जे शिकवावे असे अभ्यासक्रमात लिहिलेले असते ते शिकविले जात नाही. परीक्षेत जे विचारले जाते ते शिकविले जाते. निबंधाला गुण असतील तर मुले निबंध लिहितात, गाळलेल्या जागांना असतील तर गाळलेल्या जागा भरतात. प्रयोगाचे गुण न पाहता वाटले जात असतील, तर प्रयोगवहीत सुबक आकृत्या येतात आणि काचेच्या नळीस हात न लावलेला मुलगा शास्त्र विषयात उत्तम गुण मिळवितो. हाच नियम वैद्यकासही लागू आहे. परवान्याच्या परीक्षेने जर केवळ स्मरण तपासले, तर महाविद्यालये स्मरण शिकवितील. हाताने तपासणे शिकविण्यास कोणासही सवड राहणार नाही.

ह्याचे उदाहरण म्हणून पोटाचाच विषय घेऊ. जठर, आतडी, यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड ह्यांचे विकार हा प्रत्येक परीक्षेतील मोठा भाग असतो, आणि रोगी तपासून हाती लागणारी चिन्हे हा त्याचा गाभा. रोगी जे सांगतो ती लक्षणे. वैद्य स्वतः जे शोधून काढतो ती चिन्हे. लक्षण ऐकता येते, चिन्ह मात्र मिळवावे लागते. ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न अशी रोगपरीक्षेची तीन द्वारे वाग्भटाने सांगितली आहेत. पाश्चात्त्य वैद्यकात १७६१ साली ऑस्ट्रियाच्या आउएनब्रुगर ह्याने शरीर बोटाने ठोकून आतल्या आवाजावरून निदान करण्याची रीत मांडली. तो खानावळवाल्याचा मुलगा. पिंपात दारू किती उरली आहे हे ठोकून ओळखण्याची युक्ती त्याने घरीच पाहिलेली. १८१६ मध्ये लेनेकने स्टेथोस्कोप शोधला. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या शल्यवैद्यांजवळ पोटाच्या आत पाहण्याचे साधन जवळजवळ नव्हते, म्हणून त्यांनी बोटांच्या अग्रांनाच डोळे फोडले. १८८९ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅकबर्नी ह्याने दाखवून दिले की उजव्या कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून बेंबीपर्यंत रेषा कल्पिली तर तिच्या एक-तृतीयांश अंतरावर, एका बोटाने दाबता येईल इतक्या जागी, अपेंडिक्सच्या दाहाची वेदना नेमकी सापडते. शिकागोच्या मर्फीने पित्ताशयाच्या सुजेचे चिन्ह सांगितले: उजव्या बरगडीखाली हात ठेवून रोग्यास खोल श्वास घ्यावयास सांगावे, दुखरे पित्ताशय खाली येऊन हातास लागताच श्वास मध्येच अडकतो.

आता ह्या विद्येचे परीक्षेच्या कागदावर काय होते ते पाहा. उजळणीच्या पुस्तकांत आणि शिकवणीच्या ध्वनिचित्रफितींत ह्या चिन्हांच्या याद्या असतात: एका बाजूस नाव, दुसऱ्या बाजूस रोग. बेंबीभोवती निळसर डाग म्हणजे कलन, कुशीवर डाग म्हणजे ग्रे टर्नर, दोहोंचा अर्थ स्वादुपिंडाचा तीव्र दाह. विद्यार्थी हे घोकतो, चार पर्यायांतून एकास खूण करतो आणि गुण मिळवितो. वस्तुस्थिती अशी की स्वादुपिंडदाहाच्या शंभर रोग्यांत हे डाग जेमतेम दोन-चारांस दिसतात, आणि तेही बहुधा दुखणे सुरू होऊन एक-दोन दिवस उलटल्यावर. कलनने तर हे चिन्ह प्रथम नोंदविले ते गर्भाशयाबाहेर राहिलेला गर्भ फुटून पोटात रक्तस्राव झालेल्या स्त्रीच्या पोटावर. ह्याचा अर्थ असा की यादी पाठ असलेल्या डॉक्टरास दुर्मिळ गोष्टीचे नाव ठाऊक असते. आणि नित्य समोर येणाऱ्या गोष्टीची कसोटी मात्र त्याची कोणी घेतलेली नसते. पोट हात लावताच आपोआप ताठ होते की रोगी भीतीने ते आवळून धरतो, हा भेद कोणत्याही चार पर्यायांत मावत नाही. तो शेकडो पोटांवर हात ठेवूनच कळतो.

ह्या हात ठेवण्यातही शास्त्र आहे, आणि थोडे सौजन्यही. रोग्यास उताणे निजवून गुडघे किंचित दुमडावयास सांगावेत, म्हणजे पोट सैल पडते. थंडीच्या दिवसांत आपले हात आधी चोळून ऊन करावेत. जेथे दुखते तेथे प्रथम हात लावू नये. दूरच्या बाजूने सुरुवात करावी, आणि नजर पोटावर न ठेवता रोग्याच्या चेहऱ्यावर ठेवावी, कारण वेदना प्रथम तेथे उमटते. लहान मूल असेल तर ते आईच्या मांडीवर असतानाच तपासावे. प्लीहा शोधावयाची तर उजव्या ओटीपोटापासून डाव्या बरगडीकडे हात न्यावा, नाहीतर फार वाढलेली प्लीहा हाताखालीच राहून जाते आणि सापडत नाही. ह्यांतील एकही गोष्ट अवघड नाही. परंतु ती कोणीतरी शेजारी उभे राहून करून दाखवावी लागते, करवून घ्यावी लागते आणि चुकल्यास सांगावी लागते. गुरूचे काम म्हणतात ते हेच.

आमच्या जिल्ह्यात ह्या विद्येचे मोल किती, हे दोन साध्या उदाहरणांनी सांगता येईल. पहिले काविळीचे. उन्हाळ्यात विहिरी आटतात, टँकरचे आणि मिळेल तेथले पाणी प्यावे लागते, आणि दूषित पाण्याबरोबर यकृतदाहाचे विषाणू घरात येतात. डोळे पिवळे झाले की खेड्यात आजही कावीळ उतरविणाऱ्याकडे नेण्याची रीत आहे. कोठे नाकात रस घालतात, कोठे डाग देतात. पाण्यातून आलेली कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते, आणि श्रेय डाग देणाऱ्यास मिळते. परंतु गर्भवतीस झालेली तीच कावीळ प्राणघातक ठरू शकते. आणि काविळीबरोबर शौचाचा रंग पांढरट, अंगभर खाज व खाजविल्याचे ओरखडे, आणि उजव्या बरगडीखाली हातास लागणारे पण न दुखणारे पित्ताशय असेल, तर ती पित्तमार्ग अडल्याची कावीळ. तिच्या मुळाशी बहुधा खडा नसतो, कर्करोग असू शकतो. ही तपासणी पाच मिनिटांची आहे. ती झाली तर रोगी वेळेवर मोठ्या रुग्णालयात पोचतो. न झाली तर तो महिनाभर डाग देणाऱ्याच्या दारी राहतो.

दुसरे उदाहरण जलोदराचे. पोट फुगले म्हणून आलेल्या माणसाच्या पोटात वायू आहे की पाणी, हे ठोकून कळते. पाणी असेल तर कुशीवर आवाज जड येतो, आणि रोग्यास वळविले की जड आवाजाची जागाही सरकते. मग तळवे लाल आहेत काय, छातीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रक्तवाहिन्या आहेत काय, हात पुढे ताणून धरावयास सांगितले असता पंजे फडफडतात काय, हे पाहिले की दारूने वा जुनाट यकृतदाहाने यकृत निकामी होत आल्याची शंका पक्की होत जाते. उलट ताप, रोडावलेला देह आणि मळलेल्या कणकेसारखे लागणारे पोट असेल तर पोटातील क्षयाची शंका घ्यावी लागते. दोहोंचे उपचार सर्वस्वी भिन्न आहेत.

ह्यावर कोणी म्हणेल, सोनोग्राफीच्या युगात ही हातचलाखी कशाला? आक्षेप खोटा नाही. हाताच्या मर्यादा मोठ्या आहेत. सरकत्या जड आवाजाने ओळखता यावयास पोटात साधारण दीड लिटर पाणी साचावे लागते. यंत्रास त्याचा अल्प अंशही दिसतो. वृद्धांत पित्ताशय सुजूनही मर्फीचे चिन्ह मिळत नाही असे घडते. हातावर अंधविश्वास ठेवा असे आमचे सांगणे नाही. परंतु यंत्राकडे कोणास पाठवावयाचे, केव्हा पाठवावयाचे आणि यंत्राने दाखविलेल्या गोष्टीचा रोग्याच्या दुखण्याशी संबंध आहे काय, हे ठरविणारा हातच असतो. रस्त्यापासून आडबाजूस असलेल्या आरोग्य केंद्रावर रात्री दोन वाजता यंत्र नसते, हात असतो. त्या हाताने 'हे पोट सकाळपर्यंत थांबणार नाही' एवढे सांगितले तरी प्राण वाचतो. झॅकरी कोप ह्या इंग्रज शल्यवैद्याने पोटाच्या तीव्र दुखण्यांवरील आपले छोटेखानी पुस्तक १९२१ मध्ये प्रसिद्ध केले ते अशाच डॉक्टरांसाठी. धडधाकट माणसाचे पोट एकाएकी असह्य दुखू लागून ते दुखणे सहा तासांहून अधिक टिकले, तर त्यामागे बहुधा शस्त्रक्रियेचा विषय आहे असे समजून चालावे, हा त्यातील व्यवहारी सल्ला आजही शिकविला जातो.

आणि पोट नीट न तपासण्याची किंमत काय असते, हे बीड जिल्ह्याने साऱ्या देशास दाखवून दिले आहे. दिवाळीच्या आगेमागे येथील लाखो माणसे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडावयास जातात. मुकादमाची उचल फेडावयाची असते, आणि एक दिवस काम चुकले तर खाडा भरावा लागतो. अशा स्त्रीचे पोट दुखू लागले तर ती डॉक्टरकडे एकदाच जाऊ शकते. चार वेळा नाही. २०१९ मध्ये विधिमंडळात सांगण्यात आले की आधीच्या तीन वर्षांत जिल्ह्यातील ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ स्त्रियांचे गर्भाशय काढण्यात आले. त्यानंतर नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली, आणि सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. हे सारे अज्ञानाने घडले असे म्हणणे भोळेपणाचे ठरेल. त्यात लोभ होता, खाड्याची भीती होती, आणि पिशवी काढली की कटकट संपली असा समज पसरविला गेला होता. परंतु स्त्रीच्या पोटदुखीस मूत्रमार्गाचा दाह, आतड्याचा विकार, पोटातील क्षय, औषधाने बरा होणारा जंतुसंसर्ग अशी अनेक कारणे असतात, आणि त्यांचा छडा हाताने, प्रश्नांनी व धीराने लावावा लागतो. जेथे तो लावण्याची सवयच उरलेली नसते, तेथे सुरीस मोकळे रान मिळते. लोभी माणसास परीक्षा सुधारू शकत नाही हे खरे. परंतु प्रामाणिक तरुणास ती अडाणी राहू देणार नाही, एवढे तरी तिने करावे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो गरिबांच्या घरातून येतो. संगणकावरील परीक्षा कोणाचा पुतण्या कोण हे ओळखत नाही. तोंडी परीक्षा घेणारा प्राध्यापक ओळखतो. शेतमजुराच्या मुलीस खुणा करावयाच्या प्रश्नपत्रिकेचा अधिक भरवसा वाटतो, आणि तो अकारण नाही. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या अंतिम परीक्षेत रुग्ण तपासून दाखवावा लागतो. परंतु अशा परीक्षांत कोणत्या खाटेवर कोणता रोगी आहे हे वसतिगृहात आधीच ठाऊक असते, ही तक्रार जुनीच आहे. ह्यास उपाय आहे, आणि तो सापडूनही अर्धशतक होत आले. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील डंडी येथे हार्डेन ह्या शिक्षकाने अशी परीक्षा बसविली की प्रत्येक विद्यार्थी ठरावीक वेळात एका टेबलावरून दुसऱ्यावर जातो, सर्वांपुढे काम तेच, गुण देण्याची यादी तीच, आणि प्रत्येक टेबलावर परीक्षक वेगळा. कोणा एकाच्या मर्जीवर निकाल राहत नाही. ब्रिटनमध्ये परदेशी डॉक्टरांना परवान्यासाठी आजही अशा परीक्षेतून जावे लागते.

अमेरिकेचे उदाहरण उलट बाजूने दिले जाते. तेथे २००४ मध्ये सुरू झालेली रुग्णपरीक्षणाची राष्ट्रीय परीक्षा २०२० मध्ये थांबली आणि २०२१ च्या जानेवारीत कायमची बंद करण्यात आली. ती महाग होती आणि जवळजवळ सर्वच तिच्यात उत्तीर्ण होत असत. परंतु तेथील पदवीधरास, पदवीनंतर निदान एक वर्ष वरिष्ठांच्या डोळ्यांखाली रुग्णालयात काम केल्याखेरीज, स्वतंत्र परवाना मिळत नाही. आमच्याकडे आंतरवासिता संपताच बावीस-तेवीस वर्षांचा तरुण एकट्याने आरोग्य केंद्र सांभाळतो. तेथली परीक्षा मोडली म्हणून आमची नको, हे म्हणणे दुसऱ्याच्या घरास भिंत आहे म्हणून आपल्या घराचे कुंपण काढण्यासारखे आहे.

'नेक्स्ट'च्या नियमांत दुसरा भाग आहे हे आम्ही विसरलेलो नाही. पहिला भाग खुणांचा. दुसरा, आंतरवासितेनंतरचा, सात विषयांतील प्रत्यक्ष रुग्णपरीक्षणाचा. कागदावर ही रचना चांगली आहे. मेख पुढे आहे. पदव्युत्तर प्रवेश ठरणार पहिल्या भागाच्या गुणांवर. दुसऱ्यात केवळ उत्तीर्ण व्हावयाचे. मग विद्यार्थ्याचे लक्ष कोठे राहील हे सांगावयास ज्योतिषी नको. शेजारच्या लातूरने साऱ्या महाराष्ट्रास शिकवणीचा एक नमुना दिला. डॉक्टरकीच्या प्रवेशासाठी मुले तेथे दोन-दोन वर्षे घोकतात. तोच नमुना आता डॉक्टर झाल्यावरही चालू राहावयाचा, आणि रुग्णालयातील खाटा सोडून मुले पडद्यासमोर बसावयाची, हे भविष्य आम्हांस इष्ट वाटत नाही. परदेशात शिकून येणाऱ्यांसाठी २००२ पासून जी चाळणी परीक्षा आहे तिच्यात तीनशे प्रश्न असतात, दीडशे बरोबर आले की उत्तीर्ण. तीत एकाही रुग्णास हात लावावा लागत नाही. मराठवाड्यातील कितीतरी घरांनी जमिनी गहाण ठेवून मुले परदेशी पाठविली आहेत. त्यांच्यावर अविश्वास दाखविण्याचा आमचा हेतू नाही; त्यांनाही तीच पूर्ण आणि न्याय्य कसोटी मिळावी एवढेच म्हणणे आहे.

म्हणून आमच्या सूचना थोड्या आणि स्पष्ट आहेत. दुसऱ्या भागाच्या गुणांस पदव्युत्तर प्रवेशात काही वाटा द्यावा. परीक्षक बाहेरच्या महाविद्यालयांतून यावेत आणि गुणांची यादी आधी प्रसिद्ध व्हावी. पोट, छाती व मज्जासंस्था ह्यांचे परीक्षण प्रत्येकाने करून दाखविणे सक्तीचे असावे, आणि त्यात रोग्याशी बोलण्यास, त्याची परवानगी घेण्यास, त्याची लाज राखण्यास गुण असावेत. गरीब रोगी हा तीस हातांनी दाबून पाहावयाचे साधन नव्हे. तो तयार असेल तरच, आणि त्याच्या वेळेचा मोबदला देऊनच, त्यास परीक्षेस बसवावे. ह्या सर्वास शिक्षक लागतील. शिक्षकांच्या जागा रिकाम्या ठेवून नव्या महाविद्यालयांच्या कोनशिला बसवीत राहणे, हा शिक्षणाचा विस्तार नसून त्याचा देखावा आहे.

दिल्लीचा निर्णय होईतो आमच्या जिल्ह्यास हात बांधून बसण्याचे कारण नाही. सत्तरच्या दशकाच्या मध्यास अंबाजोगाईस ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले, त्यापूर्वी मराठवाड्यात १९५६ साली औरंगाबादेस सुरू झालेले एकच सरकारी वैद्यकीय महाविद्यालय होते. 'ग्रामीण' हा शब्द त्याच्या नावात हेतूपूर्वक घातला गेला, आणि नाव दिले गेले ते स्वामी रामानंद तीर्थांचे. निजामाविरुद्धचा लढा उभारण्यापूर्वी स्वामीजी शिक्षक होते; अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत त्यांनी विद्यार्थी घडविले. परळी, केज, धारूर, माजलगाव ह्या भागांतून पोट धरून येणारा माणूस ह्याच महाविद्यालयाच्या दारात येतो; शिकण्यास इतकी संपन्न शाळा मोठमोठ्या शहरांसही क्वचित लाभते. प्रत्येक विद्यार्थ्याने किती पोटे कोणाच्या देखरेखीखाली तपासली ह्याची खरी नोंद ठेवणे, दर महिन्यास टेबलांची एक परीक्षा घेणे, शस्त्रक्रियेत जे आढळले ते पहिल्या दिवशी हातास लागलेल्या चिन्हांशी ताडून पाहणे, ह्यास ना कायदा लागतो ना अनुदान. शिकविणाऱ्याची इच्छा लागते.

परवाना हे समाजाने दिलेले वचनपत्र आहे. खेड्यातील माणूस डॉक्टरची पदवी वाचीत नाही, त्याचे गुण विचारीत नाही. पाटी पाहून तो निमूटपणे खाटेवर पडतो आणि पोटावरचा सदरा वर करतो. आता ह्या हातास कळते, असा त्याचा विश्वास असतो. तो विश्वास खरा ठरविणारी परीक्षा सरकारने घ्यावी. अन्यथा तिला परवान्याची परीक्षा म्हणू नये.